गुलाबभाऊ आणि पहिल्या नंबरचा फोटो

गुलाबभाऊंच्या स्टुडिओत पाऊल टाकलं की आधी डोक्यावर पाणी पडायचं. नमस्कार-चमत्कार, चहापाणी, सगळं नंतर. न्हाव्याकडे असते तशी पाण्याची फुसफुस करणारी बाटली त्यांच्या हातात कायम असे. माणूस शिक्षक असो, सरपंच असो की नवी नवरी, ते स्वतः कंगवा घेऊन भांग पाडायचे. "केस बसले का माणूस बसते," म्हणायचे. मग कॅमेऱ्यामागं जाऊन असे काही ओरडायचे, "हालू नोको!" की समोरच्याचा श्वास थांबायचा.

आंधळगावात ज्याचा ज्याचा म्हणून फोटो निघाला, तो त्यांनीच काढलेला. आमचं जावळ, शाळेचं ओळखपत्र, दहावीचा फॉर्म, सगळं त्याच स्टुलावर बसून झालं. त्यामुळे "हालू नोको" हे दोन शब्द आमच्या अंगात पार मुरले होते. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही, त्यांच्यासाठी मी एका सायकल शर्यतीची गोष्ट सांगतो. तिच्यात अख्खे गुलाबभाऊ येतात.

आमच्या गावचं मंडळ दर जानेवारीत शर्यत घ्यायचं. आंधळगावाहून मोहाडी आणि परत. धान निघालेलं असायचं, पोरं मोकळी असायची. सायकली साध्याच, कुणाच्या तर कॅरिअरला दुधाच्या कॅनचे हूक तसेच लोंबत असायचे. फोटो काढायचं काम गुलाबभाऊंकडे. पण बसलेल्या माणसाचा फोटो काढण्यात ज्यांची हयात गेली, त्यांचं पळत्या माणसापुढं काही चालेना. आदल्या वर्षी त्यांनी रोल धुऊन आणला, तर रोलभर नुसता रस्ता. एका फोटोत तेवढं मागचं चाक आणि अर्धं मडगार्ड आलं होतं. त्याच्या मागं त्यांनी पेनानं 'द्वितीय क्रमांक' असं लिहिलं होतं.

मंडळाचे अध्यक्ष नानाजी, गावातले राइस मिलवाले. त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "गुलाबभाऊ, रोड तर आमाले माहीतच आहे. तो आमच्याच गावचा आहे. यंदा पहिल्या नंबरचा फोटो नाही आला, तर पुढच्या साली तुमसरचा फोटोवाला आणतो."

मंडळाचं काम गेलं की पाठोपाठ शाळेचं गॅदरिंग जाणार, मग लग्नं जाणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. गुलाबभाऊ तिथं हसले. घरी मात्र जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, माझ्या आईला सांगितलं.

म्हणून मग नवा डिजिटल कॅमेरा आला. नागपूरहून एसटीत मांडीवर घेऊन आणला, तोही शालीत गुंडाळून. पहिल्याच दिवशी त्यांच्या हातून कुठलंसं बटन दाबलं गेलं आणि त्यातला टायमर सुरू झाला. म्हणजे फोटोचं बटन दाबलं की आधी लाल दिवा लुकलुकणार, टिकटिक होणार आणि आठ-दहा सेकंदांनी फोटो निघणार. दुसरा कुणी असता तर त्यानं ते बंद केलं असतं. गुलाबभाऊ त्याच्या प्रेमातच पडले.

"पाय, बाबू," ते मला कॅमेरा दाखवत म्हणाले, "हा कॅमेरा माणसाले टाइम देते. शर्ट निट कर म्हणते. असा सभ्य कॅमेरा म्या नाही पायला."

मी शर्यतीत उतरणार होतो. काळजीनं म्हटलं, "भाऊ, शर्यतीच्या दिवशी तेवढं बंद ठेवा."

"काहून? पळणाऱ्याले तर तयार व्हाले जास्त टाइम लागते ना गा!"



शर्यतीच्या दिवशी परतीच्या शेवटच्या वळणावर आम्ही गावचे पाच जण पुढं होतो. मी, माझा मित्र दिनेश आणि आणखी तिघं. आमच्या मागं थोड्या अंतरावर पिवळ्या बनियनमधला मोरेश्वर. हा पार लाखांदूरहून सायकल एसटीच्या टपावर टाकून आला होता. समोर ग्रामपंचायतीपाशी दोरी दिसत होती, लोक ओरडत होते. मी जीव खाऊन पायडल मारत होतो आणि पहिला नंबर माझाच, याची मला खात्री वाटू लागली होती.

दोरीच्या जरा अलीकडे, उजेड चांगला म्हणून, गुलाबभाऊ स्टुलावर उभे होते. आम्ही दिसताच त्यांनी बटन दाबलं. दिवा लुकलुकू लागला, टिकटिक सुरू झाली. आम्ही तर वाऱ्यासारखे येत होतो. फोटो निघायच्या आत आम्ही यंदाही निसटणार, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते जिवाच्या आकांतानं ओरडले, "थांबा बे! हालू नोको!"

पाचही सायकलींचे ब्रेक एकदम लागले.

मी यावर नंतर पुष्कळ विचार केला आहे. शर्यत चालू आहे, हे त्या क्षणी मला पक्कं माहीत होतं. माझ्या हातांना ते माहीत नव्हतं. मी तर केसांवरून हातही फिरवला. गुलाबभाऊ म्हणाले, "दिनेश, तू उंच आहेस, मागं होय," आणि दिनेश सायकल ढकलत मुकाट्यानं मागं झाला.

मोरेश्वरचा फोटो गुलाबभाऊंनी जन्मात काढला नव्हता. तो बाजूनं आला, या पाच जणांना काय झालं म्हणून बावरून आमच्याकडे पाहिलं, घंटी वाजवली आणि दिनेशच्या मागून पुढं सरकला. तेवढ्यात कॅमेरा वाजला आणि तो दोरी तोडून निघून गेला.

फोटो मात्र झकास आला होता. आम्हा पाच जणांच्या मिशांचा केस न् केस मोजून घ्यावा. दिनेशच्या कानामागं थोडासा पिवळा रंग आणि एक कोपर दिसत होतं. तो पहिला नंबर.

नानाजींनी कॅमेऱ्यात पाहिलं आणि ते लालबुंद झाले. "हे तर सारे हरलेले आहेत! आठ दिवसांत पहिल्या नंबरचा फोटो मंडळात लागला पाहिजे. कोठूनही आना. नाही तर तुमसरवाला पक्का!"

दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच स्टुडिओत गेलो. शटर अर्धं ओढलेलं होतं. गुलाबभाऊ ग्राहकाच्या स्टुलावर स्वतः बसले होते. माझ्या डोक्यावर पाणीसुद्धा मारलं नाही. ते पाहून माझा राग कुठल्या कुठं गेला. खरं सांगतो, मला त्या माणसाची फार दया आली.

"बाबू, माह्यानं तुह्या नंबर गेला," ते म्हणाले. मग स्टुलावरून उठून, "आता आनखी एकडाव हरशील का गा?"

त्यांनी मोरेश्वरला फोन केला. त्याच्या आईलाही पोराचा फोटो हवाच होता, म्हणून तो पुन्हा एसटीच्या टपावर सायकल टाकून आला. आम्ही पाच जण जमलो. दोरीचं एक टोक ग्रामपंचायतीच्या खांबाला बांधलं, दुसरं काकूंच्या हातात दिलं. पाय पायडलवर दिसावेत म्हणून सायकली स्टँडवर लावल्या. बाटलीतलं पाणी या वेळी आमच्या तोंडावर मारलं. "घाम पाहिजे ना!" मोरेश्वरनं छाती दोरीला लावली, हात वर केले. गुलाबभाऊ ओरडले, "हरा बे, निट हरा! हालू नोको!"

फोटो मंडळात गेला. नानाजी चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले. प्रत्येक सायकलचं स्टँड स्वच्छ दिसत होतं. दोरी धरलेल्या काकू पदर सावरून कॅमेऱ्याकडे पाहत होत्या. गुलाबभाऊंच्या हातातल्या कपात चहा तसाच निवत होता.

"सगळं ठीक आहे," नानाजी शेवटी म्हणाले, "पण यात मी कोठी आहो?"

गुलाबभाऊंनी कप खाली ठेवला. त्यांच्या तोंडावर रंग परत आलेला मी पाहिला.

पुढच्या रविवारी पुन्हा दोरी बांधली गेली. बिचारा मोरेश्वर तिसऱ्यांदा एसटीनं आला. नानाजी लेकीच्या लग्नातला कोट घालून, हातात झेंडा घेऊन दोरीजवळ उभे राहिले. गुलाबभाऊंनी त्यांच्याही डोक्यावर पाणी मारून भांग पाडला आणि तुमसरवाल्याचं नाव त्यानंतर गावात कुणी काढलं नाही.

दिनेश मात्र वैतागला होता. मान खाली घालून बसला होता. गुलाबभाऊ स्टुलावरून उतरून त्याच्यापाशी गेले आणि एका बोटानं त्याची हनुवटी उचलली.

"हरलास तं सायकलीनं हरलास. तोंडानं कायले हरतं? वर पाय, कॅमेऱ्याकडे."

मग त्यांनी एकेकाची हनुवटी तशीच वर केली, माझीही, आणि जाऊन बटन दाबलं. दिवा लुकलुकू लागला. आम्ही पाचही जण माना ताठ करून, छाती काढून, तिसऱ्यांदा हरलो.