वधूवर साइटवरचं टेस्ट स्थळ

मी स्क्रीन हाताने झाकत होते आणि मालतीकाकू माझ्या बोटांच्या फटींतून नंबर वाचत होत्या. काकू निवृत्त मुख्याध्यापिका, चौलला वधूवर मंडळ चालवतात. त्यांची वेबसाइट मी केलेली. मोबाइलवर ती अडकायची, म्हणून मी लॉग चालू केला होता. लॉग म्हणजे साइट कोणी उघडली, काय पाहिलं याची सर्व्हरवरची नोंद.

त्या नोंदीत चक्क लोकांचे मोबाइल नंबर. साइटने ते मागितलेच नव्हते. एक मोबाइल कंपनी स्वतःहून ते चिकटवून पाठवत होती, कोणी पोस्टमनने उघड्या पत्रावर पाठवणाऱ्याचा नंबर लिहावा तसे. साइटला https, म्हणजे बंद पाकीट, नव्हतं. वायफायवाले वाचले, मोबाइल डेटावाले सापडले.

काकूंना आकाश ठेंगणं झालं. बरेच नंबर ओळखीचे; लग्नच नको म्हणणारे कोणाकोणाचे फोटो बघतात, सगळं समोर. एकेकाला विचारायला त्यांनी फोन उचललाच. मी म्हटलं, "काकू, स्थळ नाकारलेलं चालतं. आपण चोरून बघितलेलं कळलं, तर मंडळाची पायरी कोणी चढणार नाही."

काकूंनी फोन खाली ठेवला. मी तासाभरात https लावलं आणि सांगितलं, लॉग पुसण्याआधी ज्यांचे नंबर आले त्यांना कळवायला हवं.

"तूच कळव. माझा आवाज ऐकून पोरं अजून उठून उभी राहतात," काकू म्हणाल्या.

एक नंबर लावला, तर माझ्या फोनने नाव दाखवलं: निखिल फायबर. आमच्या नागावात नेटची वायर टाकणारा. मी घाईने कट केला आणि लॉग पाहिला. त्याने एकच स्थळ पुन्हा पुन्हा उघडलं होतं. नाव 'टेस्ट टेस्ट', शिक्षण 'एबीसीडी', फोटो माझा. तपासणीसाठी मी घातलेलं खोटं स्थळ, काढायचं राहून गेलेलं. खोटं कशाला सांगू, किती वेळा ते मी मोजलंही.

पण काम ते काम. पुन्हा लावला. तो खांबावर चढलेला होता.

"निखिल, साइट उघडल्यावर तुमचा नंबर आमच्याकडे आला होता. आता पुसतेय."

"कोनाचं स्थळ बघितलं, ते पन कळलं?"

"कळलं."

वाऱ्यातून तो म्हणाला, "साइटवरचा पुसा. तुमच्या फोनमधला ऱ्हाऊ द्या."

पुढे आमचा साखरपुडा झाला. काकू सगळीकडे हे मंडळाचंच यश म्हणून सांगतात. धडा एवढाच: साइटला पहिल्याच दिवशी https लावा. टेस्टचं स्थळ काढायची मात्र घाई करू नका.