बिनगुळाचे मास्तर

आमच्या मुळशी खोऱ्यात उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी देतात. ते नाकारणारा माणूस मी एकच पाहिला, आमच्या शाळेतले शास्त्राचे मास्तर. गावानं त्यांचं नावच ‘बिनगुळाचे मास्तर’ ठेवलं होतं. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो आणि आम्ही दोघं एकाच खोलीत राहायचो. त्यांना मधुमेह होता. पुण्याहून आणलेली इन्सुलिनची बाटली ते माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवत, सकाळी काचेची पिचकारी उकळून स्वतःच सुई टोचून घेत आणि मग घड्याळ बघून जेवत.

शिकवताना ते पोरांना आधी पटांगणाला दोन फेऱ्या मारायला लावत. मग एकेकाच्या मानेला हात लावून म्हणत, “ही ऊब सकाळच्या भाकरीची.” भाकरी पोटात गेली म्हणजे पोचली असं नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तिची साखर होते, रक्तातून पेशीच्या दाराशी जाते, आत शिरते आणि श्वासातल्या प्राणवायूबरोबर तिथं सावकाश जळते, तेव्हा कुठे हात उचलतो, डोकं चालतं. “माझं दार सुईशिवाय उघडत नाही,” ते सांगत. “पण सुई घेऊन जेवलो नाही, तर रक्तातली साखर संपते आणि मेंदू उपाशी पडतो. मी बरळायला लागलो की तोंडात गूळ घाला. मला विचारत बसू नका.”

शेजारच्या वर्गात मला हे सगळं ऐकू यायचं. पण माझ्या डोक्यात एवढंच बसलं, की यांना गोड वर्ज्य. लग्नाकार्यात त्यांच्या पानातली जिलबी मीच उचलायचो. त्यांच्या पथ्याची काळजीही घेतली जायची आणि जिलबीही मिळायची.

एकदा गावातल्या धोंडाबाईंनी आपल्या लेकीला शाळेतून काढायचं ठरवलं, म्हणून आम्ही दोघं त्यांची समजूत घालायला गेलो. बोलणं लांबलं, जेवणाची वेळ टळली. मास्तर घामानं निथळले आणि धोंडाबाईंनाच ‘हेडमास्तर’ म्हणू लागले. बाई आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आल्या. मी त्यांचा हात धरला.

“अहो, त्यांना गूळ म्हणजे विष.”

“इख न्हाई,” त्या म्हणाल्या. “माजी पोर रोज घोकती, मास्तर बरळाय लागलं की गूळ द्यायचा. सोडा हात.”

थोड्या वेळानं मास्तर सावरून बसले. पहिलं काय विचारावं, तर “पोरगी येणार ना शाळेत?”

“आता कशी न्हाई धाडायची?” धोंडाबाई म्हणाल्या.

पुढं मास्तरांना दुसऱ्या तालुक्यात नोकरी मिळाली. तिथं एका दुपारी ते एसटी स्टँडवर असेच बरळत कोसळले आणि गेले. भोवती माणसं होती म्हणे, पण सगळ्यांना वाटलं, हा प्यायलेला आहे. कुणी जवळ गेलं नाही. मला ते कळलं तेव्हा मी त्या माणसांना खूप शिव्या दिल्या. अजूनही कधीकधी द्यायला जातो, आणि मग धोंडाबाईंचा हात आठवतो. चार वर्षं मास्तरांच्या शेजारी अंथरूण टाकून झोपलो, आणि तो हात मीच धरला होता.