कुत्र्यांचं खळं

तेलावर चालणारं इंजिन शहाद्याजवळच्या कळसाडीत आलं, आणि त्याच्यासोबत मीही. मुंबईच्या कारखान्यातून मला महिनाभरासाठी पाठवलं होतं. उसाच्या मळ्याचे मालक म्हणाले, राहा इथंच, उसाला पाणी दे. मी राहिलो. मराठी पाचवीतून शाळा सुटलेल्याला विचारतं कोण? त्यांनी विचारलं, हेच फार वाटलं. फक्त तळकोकणातलं आमचं घर तिथून इतकं लांब, की तिकडच्या गावाचं नाव सांगितलं तर लोक विचारत, "तठे गाडी जास का?"

मी इंजिनाच्या खोपीतच राहायचो. दिवसभर त्या धडधडीत कुणाचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि इंजिन थांबलं की बोलायला कुणी नसायचं. गावात सगळी अहिराणी. मला समजायची, बोलताना मात्र जीभ अडखळायची. लोक हसतील या धास्तीनं मी 'हो' आणि 'नाही' यांवरच भागवायचो. एक कुत्रीचं पिल्लू इंजिनाच्या उबेला येऊन निजायला लागलं, तेव्हापासून मी त्याच्याशी आमच्या घरच्या बोलीत बोलू लागलो. भाकरी खाताना, वंगण घालताना, सारखा. तेवढंच.

ऊस कमरेच्या वर गेला की गावात एक रीत होती. शहाद्याच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दुपार कलली की सगळे आपापली तरणी कुत्री घेऊन खळ्यावर जमत. रानडुकरं नि कोल्हे हाकलायला ती रानात एकत्र सोडायची, म्हणून शिकवायचीही एकत्र. समोर भाकरी ठेवून बसवायचं. पुढून शेळ्या न्यायच्या. आणि शेवटी, मालकानं नव्हे, दुसऱ्यानं हाक मारायची. जे कुत्रं दुसऱ्याच्या हाकेला येत नाही ते रानात ठेवत नसत. अंगावर गेलं तर आवरणार कोण? तसलं कुत्रं बैलगाडीत घालून तापीपलीकडे सोडत.

माझ्या पिल्लाची आता तरणी कुत्री झाली होती; ती भाकरीपुढे देवासारखी बसली. शेळ्या गेल्या, हलली नाही. मग या सगळ्याचे मुखत्यार असलेले म्हातारे जिभाऊ पलीकडून ओरडले, "आठे ये!" तिनं कानसुद्धा हलवला नाही. आणखी दोघांनी बोलावलं. ती माझ्याकडेच बघत राहिली.

"भाऊ," जिभाऊ हळू म्हणाले, "तुन्ही कुत्री गुनी शे. पन ती तुन्ही एकलानीच शे. उसमा अशी चालत नही."

"तिले काय बोल लावतस, जिभाऊ?" गावचा न्हावी म्हणाला. "याना बोलनं ते आपलेबी कळत नही!"

सगळे हसले. मीही हसलो. जिभाऊंनी पुढच्या बाजारापर्यंत मुदत दिली.

त्या आठवड्यात मी खोपीत तिला "आठे ये, आठे ये" शिकवत बसलो. माझ्या तोंडून ते परकं ऐकून ती बावरायची, मी रागावलोय असं समजून इंजिनामागं जाऊन बसायची. पुढच्या वेळी खळ्यावर गेलो तो तिला सोडून द्यायचं, असं मनाशी ठरवूनच. पुन्हा हाका झाल्या. पुन्हा ती माझ्या पायाशीच. गाडीवान बैल जुंपायला उठला.

तेवढ्यात शेळ्यांवाल्या मावशी पुढं आल्या. खरं तर धोका त्यांच्याच जनावरांना. "थांब रे," त्या गाडीवानाला म्हणाल्या. "कुत्री शिकत नही ते आपन शिकूत. चार शब्द शेतस, काय डोंगर उचलाना शे का?" आणि माझ्याकडे वळून, "काय सांगस तू इले? जोरमा बोल."

घर सोडल्यापासून माणसांदेखत मी ते शब्द उच्चारले नव्हते. कान तापले. "हंय ये गो," मी म्हणालो. मग "रव," म्हणजे थांब. मग "सोड." मग "घराक चल."

खळ्यावरच्या सगळ्यांनी ते म्हणून पाहिलं. न्हाव्यानं 'रव' असं काही म्हटलं की शिवीच वाटावी. जिभाऊंना 'हंय' जमेना, ते "हाय ये गो" म्हणत. पण मावशींनी हाक दिली आणि कुत्री चमकून उठली. एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि सरळ त्यांच्याकडे धावत गेली.

"ऱ्हायनी तुन्ही कुत्री," जिभाऊ म्हणाले. गाडीवान परत खाली बसला.

पोरं तिला घेऊन बाकीच्या कुत्र्यांबरोबर उसाकडे गेली. मला मावशींच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते राहिलं, आणि तोंडून आमच्या बोलीतच निघून गेलं, "आता माका बरां वाटलां."

त्यांनी मन लावून ऐकलं. कुत्रीचा पाचवा शब्द असावा तसं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

"हाई आयकीसन कुत्री काय करस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. आणि इंजिन चालू करायला खोपीकडे निघालो.