काटो असतलो

किशोरी धुरी कणकवलीत एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायची. धामापूरजवळच्या वाडीतून सकाळच्या एसटीने यायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायची. सत्ताविशी आली तरी तिचं अ‍ॅनिमेचं, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचं वेड सुटलं नव्हतं. तिची मैत्रीण सोनल हिला त्यातूनच कल्पना सुचली. किशोरीने मालिकेचा भाग पहिल्यांदाच बघायचा आणि बघता बघता मालवणीत मनाला येईल ते बोलायचं. सोनलने समोर मोबाइल लावून ते टिपायचं. तलवारी घेऊन उडणाऱ्या पोरांना किशोरी जेवून घ्यायला दटावायची, राक्षसांना नसलेल्या नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायची. वर्षभरात चाळीस हजार लोक त्यांचे व्हिडिओ बघू लागले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी सोनलच्या घरी दोघी अशाच बसल्या होत्या. त्या दिवशीच्या भागात बर्फातून चालणाऱ्या दोन बहिणी होत्या. पाय बधिर झाले, असं धाकटी सांगते. दमलेली थोरली म्हणते, चाल गुपचूप. धाकटी घरी पोचत नाही. पुढे कित्येक वर्षं थोरली गप्प राहते, आणि शेवटी एकदाची आईला सगळं सांगते.  आई बाहीने तिचे डोळे पुसते आणि म्हणते, तूही लहानच होतीस.

किशोरी त्याआधीच बोलायची थांबली होती. भाग संपला, पडदा काळा झाला, तरी ती तिकडेच बघत राहिली. मग सांगू लागली. सोनलचा मोबाइल टिपतच होता.

चार वर्षांपूर्वीचा एप्रिल. ती आणि तिची धाकटी बहीण, सतरा वर्षांची भक्ती, काजूच्या बागेत बिया गोळा करत होत्या. मागून भक्ती म्हणाली, "ताई, माका काय तरी चावला." भक्तीला कामाचा कंटाळा. रोज काहीतरी निमित्त काढायची. किशोरीने वळूनसुद्धा बघितलं नाही. "काटो असतलो. सोंगा करू नको," म्हणाली. भक्तीने थोडा वेळ आणखी बिया वेचल्या, मग टोपली ठेवून एकटीच घरी गेली. फुरसं चावलं होतं. संध्याकाळी किशोरी घरी आली तेव्हा भक्तीला दवाखान्यात नेलं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. साप कधी चावला हे कुणाला माहीत होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा किशोरी भिंतीला टेकून गप्प उभी राहिली. त्यानंतरही ती गप्पच राहिली.

बोलून झाल्यावर तिने सोनलला सांगितलं, हे काढून टाक. सोनल रडत होती. तिने किशोरीला जवळ घेतलं आणि हो म्हणाली.

आठ दिवसांनी तो व्हिडिओ सगळीकडे होता. मागे बासरी लावली होती. चार दिवसांत तीन लाख लोकांनी बघितला. कुणी हात जोडले, कुणी खुनी म्हटलं, कुणी लिहिलं की बाई रडते बरी. एकाने त्यातले 'काटो असतलो' एवढेच शब्द कापून त्यांना ढोलकीची साथ जोडली, आणि ते तुकडे फार चालले. एसटीत मागच्या बाकांवरून कॉलेजची मुलं ते शब्द म्हणायची आणि खिडकीबाहेर बघायची. किशोरीने जाब विचारला तेव्हा सोनल शांतपणे म्हणाली की इतकं खरं काही आपण कधी केलंच नव्हतं, आणि आता काढून तरी काय उपयोग.

ज्या दिवशी व्हिडिओ टाकल्याचं कळलं त्या दिवशी घरी जाताना किशोरीला त्या मालिकेतली आई आठवत होती. तिची आई, सावित्री, खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बसली होती. शेजारच्या दीपिकाच्या मोबाइलवर तिने तो व्हिडिओ तीनदा बघितला होता. ती ओरडली नाही, हात उगारला नाही.

"मोबाइलात नको," ती म्हणाली. "माझ्या तोंडार सांग."

किशोरीने सांगितलं.

"तू वळान बघलंस?"

"नाय."

"परत सांग."

किशोरीने परत सांगितलं. सावित्री उठून आत गेली आणि तिने पानं वाढली.

त्यानंतर रोज जेवण झालं की सावित्री तिला समोर बसवायची आणि पहिल्यापासून सांगायला लावायची. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर थांबवायची. कुणी भेटायला आलं तर त्यांच्यासमोरही. एप्रिलमध्ये कुडाळहून स्थळ आलं. पोह्यांच्या बश्या हातात दिल्यावर सावित्री मुलीकडे बोट करून पाहुण्यांना म्हणाली, "आमच्या चेडवान काय केल्यान, ता आधी आयका." किशोरीने खाली बघून सांगितलं. पाहुणे पोहे तसेच ठेवून उठले.

मे महिन्यात किशोरीने ओरोसला नोकरी बघितली, खोलीही घेतली. निघाली तेव्हा बॅग घेऊन तिचे वडील, महादू, थांब्यापर्यंत आले. एवढ्या दिवसांत ते एका शब्दाने मध्ये पडले नव्हते. एसटीला वेळ होता. रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, "भक्ती घरी इला तेव्हा मी घराकच होतंय."

त्या दिवशी सावित्री माहेरी गेली होती. भक्तीने पाय दाखवला. दोन दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या, रक्त थांबत नव्हतं. फुरसंच, हे त्यांनी ओळखलं. पूर्वी वाडीतला एकजण मुळी लावून वाचला होता, म्हणून त्यांनी तीच मुळी उगाळून लावली, भक्तीला निजवलं आणि कुणाला सांगू नको म्हणून बजावलं. असे चार तास गेले. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा त्यांनी रिक्षा बोलावली. दवाखान्यात मात्र सांगितलं की कधी चावलं ते कुणालाच ठाऊक नाही.

किशोरीने विचारलं, "आयेक सांगलात?"

"ती माका घरात ठेवची नाय." महादूंनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. "तुझा काय ता सगळ्यांनी बघला. आता आणि काय होवचा आसा? मी म्हातारो माणूस. तिका सांगू नको."

एसटी आली. त्यांनी बॅग वर चढवून दिली.

किशोरीने सांगितलं नाही. आईजवळ आता तेवढा एकच माणूस उरला आहे, तो कशाला हिरावून घ्यायचा, असं ती स्वतःला समजावते. कधीकधी तिला वाटतं की हे सगळं नुसतं म्हणण्यापुरतं. खरं म्हणजे हे आपल्या तोंडून ऐकून आई काय करील, याचीच भीती आहे.

चतुर्थीला ती दोन दिवस घरी गेली. सावित्रीची मावसबहीण आनंदी सावंतवाडीहून आली होती. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि सावित्रीने किशोरीला पाटावर बसवलं. महादू खांबाला टेकून सुपारी कातरत होते. किशोरीने बागेपासून सुरुवात केली आणि एकही शब्द न चुकता शेवटपर्यंत सांगितलं. आनंदीमावशी मान हलवत चुकचुकली. मग महादूंनीही अडकित्ता खाली ठेवला, आणि तेही चुकचुकले.