मिश्री तिची, चट्टा माझा

"मिश्री लावता काय?" माझी जीभ बाजूला सारत डॉक्टरांनी विचारलं. मी मानेनंच नाही म्हटलं. "तंबाखू? सुपारी?" पुन्हा नाही. मग ते म्हणाले, "हा ल्युकोप्लाकिया आहे." म्हणजे तोंडातला पांढरा चट्टा. खरवडला तरी निघत नाही आणि पुढं एखाद्याचा कॅन्सरकडं वळू शकतो.

भीती नंतर वाटली. त्या खुर्चीत मला पहिल्यांदा माझी थोरली जाऊ आठवली आणि अंगाचा तिळपापड झाला.

अक्का म्हणतो आम्ही तिला. तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी मिश्री ती लग्नाआधीपासून दातांना घासते. सकाळी मागच्या दारात बसली की चहा गार झाला तरी उठत नाही. मला तो वाससुद्धा सोसत नाही. आणि चट्टा माझ्या जिभेवर! घर बरोबर गाठलं देवानं, माणूस चुकलं की!

बायोप्सी झाली, म्हणजे चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईस्तोवर माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. अक्का समोर बसून ठेचा-भाकरी हाणायची. "खा की गं, काय हुईत न्हाय," म्हणायची. तिला काय जातंय म्हणायला!

कॅन्सर नव्हता. डिस्प्लेशिया होता, म्हणजे पेशी बिघडायला लागल्या होत्या. शिवाय चट्ट्यात एचपीव्ही नावाचा विषाणू सापडला. "यानंच झालं का?" मी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "काही चट्ट्यांत हा सापडतो, काहींत नाही. चट्टा यानं आणला की हा नुसता येऊन बसलाय, ते अजून पुरतं कळलेलं नाही. पुष्कळांना याची लागण होते, कळतही नाही. कुणाकडून आला ते शोधत बसू नका. चट्टा काढू आणि लक्ष ठेवू."

म्हणजे दोष द्यायलाही कुणी नाही. मग मी अक्कालाच धरलं. "तुमीबी दाखवा की तोंड," म्हणून ओढत नेलं. तोंडावर काळजी, पण पोटात एकच, हिच्याही तोंडात काहीतरी निघू दे. डॉक्टरांनी बॅटरी मारून गाल, हिरड्या, जीभ सगळं बघितलं. "सध्या काही नाही. पण मिश्री सोडा, तंबाखूचा धोका मोठा आहे." काही नाही म्हणे! मी पर्सचा बंद पिळत बसले.

माझा चट्टा लेसरनं काढला. मग मऊ भात आणि गार दूध. माझं सुजलेलं तोंड बघून अक्कानं मिश्रीचा डबा मोरीत ओतला. "तुझी दशा बघून भ्या वाटलं बघ." झालं! घरभर तिचं कौतुक. थोरल्या दिरांनी पेढे आणले. मी जन्मात मिश्रीला बोट लावलं नाही, त्याचा पेढा कुणी दिला नाही. दिला असता तरी गिळता आला नसता, पण विचारायला काय झालंतं?

बायांनो, तंबाखू खात नाही म्हणून निर्धास्त राहू नका. चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवा. आणि खाणारीला तर हाताला धरून न्या.

आता तपासणीला आम्ही दोघी जातो. माझं तोंड आजवर ठीक आहे. अक्काला मी पहिली बसवते आणि डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत उभी राहते. ते "स्वच्छ" म्हणाले की अजून जळतंय, खोटं कशाला बोलू? पण हल्ली आधी जीव भांड्यात पडतो, मग जळतंय.