गोल केलेली वाळू

ऑफिसात तिला वाळूबाई म्हणत. पाइप जिथे वळतो तिथे आतून वाळू आपटून आपटून त्याला भोक कधी पडेल, हे ती कॉम्प्युटरवर काढून देई. नवरा म्हणायचा, "दिवसभर वाळू उडवायची हिनं, आणि घरचा केर काढायचा मी." पूर्वी ती हसायची. हल्ली तिला त्या ऑफिसची, तिथल्या चहाची, गुळगुळीत बोलण्याचीसुद्धा किळस यायची.

या खेपेचं वळण खाणीतला गाळ वाहून नेणाऱ्या पाइपचं होतं. तिथल्या फिटरनं बाटलीभर वाळू पाठवली होती. तिनं ती भिंगाखाली धरली. कण फुटक्या काचेसारखे धारदार होते. तसेच धारदार कण तिनं कॉम्प्युटरवरच्या पाइपात सोडले, तर वळणाची बाहेरची बाजू लालभडक झाली. पुढच्या दुरुस्तीपर्यंत पाइप टिकत नव्हता.

साहेबांनी चित्र बघून नाक मुरडलं. खाणवाल्यांना मध्येच काम बंद ठेवायचं नव्हतं.

"कण गोल धरा की, मॅडम. वाळू गोलच असते."

"नदीतली असते, सर. ही दगड फोडून निघालेली आहे."

"कोण बघायला जातंय?"

तिनं 'धारदार' काढून 'गोल' केलं. लाल जाऊन हिरवं आलं, पाइपचं आयुष्य कितीतरी पट वाढलं. खाली तिनं सही केली. वाद घालायचा कंटाळा आला होता, असं ती मनाला समजावत राहिली. खरं म्हणजे ती घाबरली होती. साहेब "शाबास" म्हणाले, तेव्हा कुणी उष्टा हात पाठीवरून फिरवावा तसं तिला झालं.

आठवडा गेला नाही तोच फिटरचा फोन आला. साहेब शेजारीच चहा ढवळत उभे होते.

"मॅडम, तुमचा रिपोर्ट पोचला बरं का. पाइप टिकतोय म्हणून वळणाला पत्रा मारायचं रद्द केलं. बरं झालं, आमचं टेबल तिथंच खाली आहे. डबापण तिथंच खातो आम्ही."

पाइपातल्या दाबानं गाळ बाहेर फुटला तर खालच्या माणसाचं काय होईल, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"टेबल हलवा," ती म्हणाली. "आत्ता. आणि वर सांगा, रिपोर्ट खोटा आहे. माझं नाव घेऊन सांगा. वाळू मी गोल केली."

साहेबांचा चमचा थांबला.

"पण मॅडम, बाटली भरताना माझी बोटं सोलली होती," फिटर म्हणाला. "ती गोल कशी हो केलीत?"

"खुर्चीत बसून," ती म्हणाली.