सावकाशरावांचं कॉर्टेज

शववाहिनीच्या ड्रायव्हरला गल्लीत सगळे सावकाशराव म्हणत. जन्मभर माणसाच्या चालीने गाडी हाकल्यावर दुसरं काय म्हणणार? भाजी आणायला निघाले तरी मागून कुणी रडत येतंय, अशा बेताने चालायचे.

नोकरीला लागताना मालकाने त्यांना एक इंग्रजी शब्द शिकवला होता: कॉर्टेज. पुढे शववाहिनी आणि तिच्यामागून हळूहळू येणारी माणसं, गाड्या, सगळं मिळून कॉर्टेज. या शब्दाला ते कुणाला हात लावू देत नसत. टीव्हीवर मंत्र्याच्या गाड्यांना कुणी कॉर्टेज म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. तो ताफा, ते बजावत, कॉर्टेजला आधी माणूस मरावा लागतो. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या त्यांच्या लेकीने एकदा डिक्शनरीच पुढे धरली. राजाच्या मागून चालणाऱ्या लवाजम्यालाही हाच शब्द होता, आणि राजा चांगला धडधाकट. सावकाशरावांनी चष्मा पुसून वाचलं.

"डिक्शनरीने कधी गाडी चालवलीय का?" ते म्हणाले.

पुढे दिवस भरत आलेली ही लेक त्यांच्याकडे राहायला आली. एका दुपारी तिला अचानक कळा सुरू झाल्या. जावई परगावी, अँब्युलन्सचा फोन लागेना, आणि दारात उभी असलेली गाडी एकच. लेक मुकाट्याने पुढच्या सीटवर चढून बसली.

सावकाशरावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण पायाची सवय काही सुटेना. गाडी आपली निघाली रमतगमत. फुटपाथवरची माणसं थांबून मान खाली घालू लागली. मागच्या गाड्यांपैकी एकीनेही हॉर्न दिला नाही, की पुढे जायची हिंमत केली नाही. बघता बघता मागे ही लांबलचक रांग लागली. लेकीने ती आरशात पाहिली.

"बाबा, मी जिवंत आहे," ती दात आवळून म्हणाली. "दाबा की जरा."

सावकाशरावांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी सुसाट सुटली आणि मागची रांगही, काही न कळता, इमानाने तिच्यामागे धावली.

हॉस्पिटलच्या फाटकावर ओळखीच्या वॉचमनने शववाहिनी पाहून नेहमीसारखा मागच्या बाजूला, शवागाराकडे हात केला. मग त्याला ती रांग दिसली.

"केवढं हे कॉर्टेज," तो हळू आवाजात म्हणाला. शब्द त्यांच्याकडूनच शिकलेला. "कोण गेलं?"

सावकाशरावांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"गेलं नाही कुणी. यायचंय," ते म्हणाले. "पुढचं दार उघड."